बुडालेल्याची तलवार

"अहो, त्या तुमच्या तलवारवाल्याची नात आलीय," बायकोने येऊन सांगितलं.

दातांच्या डॉक्टरांनी धास्तीने दाराकडे पाहिलं. जर्मन आरमारी अधिकाऱ्यांच्या जुन्या तलवारी जमवण्याच्या नादापायी गल्लीने त्यांचं नाव 'ॲडमिरल' पाडलं होतं. साध्या होडीत बसलं तरी ओकाऱ्या काढणारा हा गृहस्थ ते नाव मोठ्या तोऱ्यात मिरवायचा. आज चार संग्राहक मित्र घरी जमले होते. मखमलीवर त्यांची लाडकी तलवार होती. मुठीला सिंहाचं डोकं, त्याचा एक डोळा लाल, दुसरा हिरवा. पात्यावर मूळ मालकाचं, म्हणजे या नातीच्या अधिकारी आजोबांचं, नाव. आता ही बाई वारसाहक्क सांगणार!

पिकल्या केसांची नात आत आली. तिने काहीच मागितलं नाही. नावावरून नुसतं बोट फिरवलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"जहाज बुडायला लागलं तेव्हा सगळे होड्यांत उतरले. आजोबा उतरले नाहीत. हीच तलवार हातात धरून तळाला गेले. आजीने पुन्हा लग्नाचं नावसुद्धा काढलं नाही."

डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वीराची तलवार! त्यांनी मिशीवाल्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे, असं पाहिलं की जणू जहाजाबरोबर डॉक्टर स्वतःच बुडाले होते.

बायको चहाचे कप मांडत होती. "पण हातात धरून बुडाले," ती सहज म्हणाली, "तर ही वर कशी आली?"

मिशीवाला खाकरला. "वहिनींचं खरंय. ॲडमिरल, तुम्हाला कुणीतरी नकली माल गळ्यात मारलाय."

नकली! डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नकली? अहो, मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन घेतलीय, त्यांच्या धाकट्या मुलीच्या हातून! तिने शपथेवर सांगितलं, बाबा म्हातारपणी दर रविवारी अंगणात बसून ही पुसायचे म्हणून! फोटोसुद्धा दाखवला!"

मिशीवाल्याने चहाचा कप उचलला. डॉक्टरांनी जिंकल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं, शेवटी नातीकडेही.

तिने पात्यावरचं बोट काढून घेतलं होतं.

"त्यांना एकच मुलगी होती," ती म्हणाली. "माझी आई."