गंगेची ओटी

घरांना दारंच नसलेल्या शिंगणापूरच्या हौसाबाईंना त्यांचा मुलगा प्रमोद गंगेवर घेऊन गेला. मोठी बोट, रात्रभर पाण्यावरच मुक्काम, आणि बरोबर त्याच्या ऑफिसातले साहेब बायकापोरांसह. म्हातारीनं निघताना अख्ख्या गल्लीला सांगितलं आणि खण, नारळ, हळदकुंकू पिशवीत नीट बांधून घेतलं. गंगामाईची ओटी भरायची होती.

दिवेलागणीला बोट हलली. सगळे वर गच्चीवर जमले. हौसाबाईही पिशवी घेऊन निघाल्या, तर खोलीच्या दारातच प्रमोद उभा.

"आई, तू पड जरा. वर साहेब लोक आहेत, गाणीबिणी चालणार. तुला नाही बरं वाटायचं."

"मी एका कडंला उभी ऱ्हाते. ओटी भरली की लगेच खाली येते."

"मी बोलावतो ना तुला," असं म्हणत तो बाहेर गेला आणि बाहेरून किल्ली फिरली. म्हातारीनं हाका मारून पाहिल्या. वर गाणी लागली होती.

सकाळी त्यानं दार उघडलं तेव्हा बोट काठाला लागली होती आणि विमानाची घाई होती.

"अगं, बोटीवर चोऱ्या होतात, म्हणून कुलूप लावलं."

बिनदाराच्या घरात ज्याला लहानाचा मोठा केला, त्याच्याकडं बघत हौसाबाईंनी तशीच बांधलेली पिशवी उचलली.

गावी आल्यावर शेजारच्या ताराबाईंनी पिशवी उघडली. "अगं बया! गंगेवर जाऊन ओटी तशीच माघारी आनली व्हय?"

"काय करनार?" हौसाबाई म्हणाल्या. "बोटीला दार हुतं."