कधीच बंद न पडणारा सर्व्हर

उरणच्या यार्डातला मेल सर्व्हर सारखा बंद पडायचा. वरद तो चालू करून पनवेलच्या ऑफिसात परतला की त्याच्यासाठी स्पेशल चहा यायचा.

"वरद सर हाय म्हणून बरा हाय, नाय तर आपला काय खरा नाय," चहा आणणारे दयारामकाका सगळ्यांना ऐकवायचे.

पनवेलच्या ऑफिसचा मेल सर्व्हर पूर्वी नावाची त्याची सहकारी सांभाळायची. तो कधीच बंद पडला नव्हता, त्यामुळे ही बाई दिवसभर करते काय, हेच कुणाला माहीत नव्हतं. एका सकाळी जळफळून तिने तो स्वतःच बंद केला आणि फोनकडे बघत बसली. फोन वाजलाच नाही.

संध्याकाळी तिने सर्व्हर चालू केला, तसे दिवसभर अडकलेले तक्रारींचे मेल धडाधड दोघांच्या सामायिक इनबॉक्समध्ये येऊन पडले.



प्रत्येकाची सुरुवात एकच होती : "वरद सर, प्लीज तुम्हीच बघा."