शाईत मुरलेला आवाज

तबल्याच्या शाईत, म्हणजे मधल्या काळ्या गोलात, मुरलेले आवाज वाचणारी सुई वैजूने घरीच सोल्डर करून आवाज वाजवणाऱ्या सॅम्पलरला जोडली, आणि मग तिच्या लक्षात आलं. गेलेल्या वडिलांच्या तबल्याची शाईसकट कातडी पुडी तिने परवाच बदलून घेतली होती! सॅम्पलर उचलून ती तबले बनवणाऱ्या लतीफभाईंच्या दुकानात धावली.

"टाकवली नाही गं," म्हणत त्यांनी जुनी पुडी खुंटीवरून काढली. "तुझ्या वडिलांनी तोंडावर कधी चांगलं म्हटलं नाही, तरी मी जीव ओतून केली होती."

वैजूने शाईवर सुई टेकवली. ठेका वाजला, थांबला आणि वडील बोलले, "वैजू, ऐक हा नाद. लतीफभाईंच्या हाताला तोड नाही."

लतीफभाईंनी हातोडी खाली ठेवली, टोपी सारखी केली.

"परत लाव," ते म्हणाले.