बाराची सावली

"हलू नका रे," म्हणत मी एकेकाच्या सावलीभोवती फरशीवर खडूनं रेघ ओढत होते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ आमची शाळा होती. नऊ वर्षांची मनकर्णा धाकट्या भावाला कडेवर घेऊनच उभी राहिली. तिच्या सावलीला दोन डोकी आली.

"त्याला खाली ठेव की."

"रडतो, बाई."

"बरं. बारा वाजता सगळ्यांनी परत इथंच उभं राहायचं. आपण असतो तेवढेच राहतो, पण ऊन डोक्यावर आलं की सावली आखूड होते. बघाच तुम्ही."

अकरालाच मुकादम ट्रॅक्टर घेऊन आला. टोळीला पोराबाळांसकट लांबच्या फडावर न्यायचं होतं. बारा वाजता अंगणात नुसत्या रेघा उरल्या.

यंदा, सहा वर्षांनी, मनकर्णा सकाळीच शाळेच्या अंगणात येऊन उभी राहिली. कडेवर पोर होतंच. आनंदाच्या भरात मी विचार न करता बोलून गेले.

"अगं, अजून याला कडेवरच घेतेस?"

"तो मोळ्या वाहतो आता. हा माझा हाय, बाई."

मी मान खाली घातली. फरशीवर तिची सावली पडली होती, दोन डोक्यांची. मनकर्णाही तिकडंच बघत होती.

"बाराची सावली बघायची राहिलीच की माझी."

"आज थांब मग," म्हणून मी खडू आणायला आत गेले. तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला.

मी घड्याळ बघितलं. दहासुद्धा वाजले नव्हते.