सरकीचा तिसरा अल्बम

दोन वर्षांनी पिंटूचा फोन आला आणि उजैरनं तो घेतलाच नाही. वाजू दिला. बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या, म्हणजे जिनिंग कारखान्याच्या, मागच्या गोदामात, ताडपत्रीखाली झाकलेल्या ड्रमशेजारी तो चहा पीत बसला होता. स्क्रीनवर नाव दिसलं. आला बे! ऐकलं शेवटी गड्यानं! पण पहिल्याच रिंगला उचलला तर काय मान राहणार? दुसऱ्यांदा वाजू दे, मग बघू.

'सरकी' हा त्यांचा बँड. दोघांचाच. डेथ मेटल, म्हणजे शेजाऱ्यांनी ऐकलं तर दवाखान्याची गाडी बोलवावी असली गाणी. ड्रम उजैरचे, गिटारही तोच आधी रेकॉर्ड करून ठेवायचा. गळा पिंटूचा. पिंटू एसटीनं अमरावतीहून अकोल्याला यायचा. हाडकुळा, एरवी तोंडातून शब्द फुटायची मारामार. पण गायला लागला की पोटाच्या तळातून असा घोगरा आवाज काढायचा की गोदामातली कबुतरं पत्र्याला धडकायची.

उजैरचे अब्बा गयासुद्दीन त्या जिनात फिटर. "जब तक पट्टा चालू, तब तक कूटो," एवढीच त्यांची अट. कापसातून सरकी काढणारी, पट्ट्यावर चालणारी यंत्रं एकदा सुरू झाली की बाहेर कोणाला काही कळायचं नाही. खरं तर आत त्या दोघांनाही एकमेकांचं धड ऐकू यायचं नाही. म्हणून खूण ठरली. पिंटूची जागा आली की उजैर डाव्या हातातली ड्रमची काडी वर करायचा. काडी वर गेली की पिंटू सुरू. ताल त्यानं जन्मात कधी मोजला नाही. तो आपला काडीकडे बघायचा.

पहिला अल्बम 'पट्टा'. सुरुवातीपासून शेवटापर्यंत नुसता दणका. दुसऱ्याच्या वेळी कापूस कमी आला. अर्धी यंत्रं बंद, पट्टा कधीही थांबायचा, मग यांनाही हळू वाजवावं लागायचं. गाणी लांबली, मधेच वळायला लागली, हलकी गिटार आली. हंगाम सरल्यावर त्याच झाडांवर मागाहून येणारा कापूस, म्हणून त्याचं नाव 'फरदड'. बँड आता प्रोग्रेसिव्ह झाला, असं नेटवरच्या जाणत्यांनी लिहिलं. दोघं पोट धरून हसले होते.

मग बोंडअळीचं वर्ष आलं. कापसाच्या गाड्या यायच्या थांबल्या आणि जिनाला कुलूप लागलं. मालकानं गयासुद्दीनला राखणीला ठेवलं, म्हणून किल्ली तेवढी घरात राहिली. पिंटूला पुण्यात कंपनीत काम मिळालं. बसमध्ये चढता चढता म्हणाला, "तू बनवून ठेव बे. मी येतो अन् गळा टाकतो."

उजैरनं बनवलं. अख्खा उन्हाळा त्या मुक्या जिनात एकट्यानं वाजवलं. पिंटूसाठी जागा सोडत गेला. एकेका गाण्यात इतक्या, की वाजण्यापेक्षा थांबणंच जास्त झालं. कापसाची शेवटची वेचणी म्हणून नाव ठेवलं 'उलंगवाडी'. पिंटूला ऑडिओ फाईल पाठवली आणि खाली लिहिलं, "आयक."

निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दिवाळी गेली, ईद गेली. आधी उजैरला राग आला. मग राग गेला आणि नुसतं एकटं वाटायला लागलं. तेवढ्या मोठ्या जिनात आपलाच खोकला परत ऐकू येतो, त्याचा त्याला वैताग यायचा. शेवटी त्यानं अल्बम तसाच, गळ्याविना, नेटवर टाकून दिला. लाजेनं तरी येईल.

पिंटू आला नाही. वाहवा आली. कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी लिहिलं, या बँडला शांतता सापडली. शांतता! उजैरला वाटलं, हातातला ग्लास स्क्रीनवर हाणावा.

फोन पुन्हा वाजला. त्यानं घेतला.

"कसा हायेस बे?" पिंटूनं विचारलं.

"हावो बरा."

"इथं कंपनीतल्या एका पोरानं मले तुया अल्बम आयकवला. मले! म्हटलं, आता तरी फोन करावं. लय भारी केलं तू."

उजैरनं ग्लास खाली ठेवला. "मंग तू आला काहून नाही?"

"येऊन काय करू? तू पाठवलं त्याच दिवशी आयकलं मी. पुन्ना आयकलं. कुठून घुसावं तेच समजे ना. सारं पुरं होतं, थांबनंबी पुरं होतं. मले वाटलं, उजैरले आता गळा नाही पायजे. तोंडानं सांगाले जमत नसन, म्हनून असं पाठवलं. लय रडलो यार त्या दिवशी. त्यात माह्यासाठी जागाच नोती."

उजैर ताडकन उठला.

"अबे, दर खेपेले काडी वर केली होती ना मी!"

तो केवढ्यानं तरी ओरडला. भिंतींवरून ते वाक्य परत त्याच्याकडे आलं, आणि आपण काय बोललो ते त्याला तेव्हा ऐकू आलं. वर केलेली काडी फाईलमध्ये ऐकू येणार कुठून?

तिकडून पिंटूचा श्वास येत होता. उजैर फोन कानाला लावून थांबला. त्याचा डावा हात केव्हाच वर गेला होता.