दिवाळीचा बॅकअप

इंदापूरजवळच्या एका डेअरीचा सर्व्हर जळाला आणि सगळं काम ठप्प झालं. बारामतीहून आलेल्या कॉम्प्युटर इंजिनिअर बुद्धघोषनं खपून एक शाबूत बॅकअप शोधला आणि कामगारांचं ॲप पुन्हा सुरू केलं. मॅनेजरसाहेबांनी खूश होऊन पेढे वाटले.

लॅबमध्ये काम करणाऱ्या शालननं त्याला विचारलं, "दादा, ही माहिती कधीपतुरची हाय?"

"दिवाळीपर्यंतची, ताई. त्यानंतरचं काहीच वाचलं नाही."

तिनं घाईघाईनं मोबाईलवर ॲप उघडलं. उद्याची ड्युटी पॅकिंगला, सुपरवायझर कुंडलिक. तो अंगाला हात लावतो, अशी तक्रार तिनं संक्रांतीला केली होती. ऑफिसातल्या मॅडमनी ती स्वतः ॲपमध्ये नोंदवून तिची बदली लॅबमध्ये केली होती. त्या मॅडम आता नोकरी सोडून गेल्या होत्या.

शालन मॅनेजरकडं गेली. "साहेब, माझी बदली गेली. तक्रार बी गेली."

"सगळ्यांचंच गेलंय, शालन. ॲपमध्ये दिसल्याशिवाय मला काही करता येत नाही. परत भर."

"कुठं भरू?"

"आपापल्या सुपरवायझरच्या कॉम्प्युटरवर. मोबाईलवर नुसतं दिसतं, भरायची सोय बाकी कुठं अजून सुरू झालेली नाही."

दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या केबिनमध्ये कुंडलिकनं शेजारची खुर्ची आपल्याजवळ ओढली.



"बस शालन. कुणाविरुद्ध तक्रार हाय, सांग. मी टाइप करतो."