मधुकाकांचं बोट

डॉक्टर करिष्मानं कापूस स्पिरिटात भिजवला, बारीक सुई उचलली आणि मान वर न करता म्हणाली, "बोट."

मधुकाकांनी बोट पुढं केलं. डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं, शर्टाच्या टोकाला पुसून तयार.

शुगर मात्र काकांना नव्हती. ती होती शेजारच्या स्टुलावर बसलेल्या त्यांच्या बायकोला, पुतळाबाईंना. त्यांनी एक चप्पल काढून ठेवली होती आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. आतली जखम दोन महिने भरायचं नाव घेत नव्हती.

"काका, तुमचं नाही. काकींचं."

"हो हो," म्हणत काकांनी हात मागं घेतला, पण कॅम्प पाचच्या वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटायला तेवढी चपळाई पुरत नाही. तिनं हात धरला, उलटा केला, दिव्याखाली नेला. पाचही बोटांच्या टोकांना बारीक काळे ठिपके. मग तिनं पुतळाबाईंचे दोन्ही हात पाहिले. एक टोच नाही.

टेबलावर काकांची वही उघडी होती. तीन महिने, रोज सकाळी, एकशेचार, अठ्ठ्याण्णव, एकशेदहा. शेजारी लॅबचा रिपोर्ट होता, तीन महिन्यांची सरासरी सांगणारा. त्यात शुगर आभाळाला भिडली होती. आत्तापर्यंत डॉक्टर लॅबलाच नावं ठेवत होती.

"काका, तीन महिने हे बोट कोणाचं चाललंय?"

काका नीट सरसावून बसले. "त्याचं काय आहे मॅडम, हिला सकाळी उठावंसंच वाटत नाय. टोचू म्हटलं तर भिंतीकडं तोंड करते. आणि तिकडं पुण्याहून सूनबाई तेजल सात वाजता ग्रुपवर विचारणार, आईंची शुगर किती? एक दिवस म्हटलं, जाऊ दे, आपलंच टोचू. एकशेचार आली. तेजलनं फूल पाठवलं. पोरानं, प्रज्वलनं, टाळ्या."

त्या टाळ्यांनीच घात केला. एकदा एकशेतीस आली, तर ग्रुपवर दिवसभर कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून, पुतळाबाईंची शुगर आटोक्यात राहावी म्हणून, काकांनी गोड चहा सोडला, रात्रीचा भात सोडला आणि बेलवली ते बदलापूर स्टेशन अशी रोजची पायी फेरी सुरू केली. सहा किलो उतरले. एवढा काटेकोर पेशंट डॉक्टरच्या अख्ख्या दवाखान्यात नसेल.

"गोळ्या घेता का?" डॉक्टरनं पुतळाबाईंना विचारलं.

"घेते की ती," काका म्हणाले.

"झोप?"

"मस्त लागते तिला."

"कशात मन लागतं?"

"मनाला काय झालंय? सगळं आहे घरात."

डॉक्टरनं सुई खाली ठेवली. "काका, बोट पण तुमचं, जवाब पण तुमचा. उद्या अंगठा कापायची वेळ आली, तर तो पण तुमचाच देणार काय?"

देता आला असता तर काकांनी दिलाही असता.

मग पुतळाबाई बोलल्या. पायाच्या पट्टीकडं बघत. "चारला जाग येते. पडून राहते. गोळी हातात घेते, पाणी घेते. मग वाटतं, कशाला. दोन्ही ठेवून देते." पुढं म्हणाल्या, "ह्यांना वाटतं मी आळशी झाले. मी कधी आळशी नव्हते."

काकांनी टेबलावरची उघडी वही मिटली.

"आळस नाहीच हा, काकी. मला डिप्रेशन वाटतंय. शुगरवाल्यांमध्ये खूप बघते मी. मन बसलं की गोळी राहते, गोळी राहिली की शुगर चढते, शुगर चढली की मन अजून बसतं. मी आजपर्यंत एकट्या शुगरच्या मागं लागले होते. आता दोघांना पकडू. मनाच्या डॉक्टरला चिठ्ठी देते. बरं होतं हे."

"डिप्रेशन?" काकांना राहवलं नाही. "आमच्या बेलवलीत कुणाला नाय ते."

"कुणाला विचारलंय तुम्ही?"



पुतळाबाईंनी आपला हात पुढं केला. सुई टोचली तेव्हा दचकले काका. मशीननं जरा विचार केला आणि आकडा दाखवला, तीनशे बेचाळीस.

काकांचा हात सवयीनं मोबाईलकडं गेला. फोटो काढून झाला आणि बोट थांबलं. असला आकडा ग्रुपवर टाकायचा? तेजल घाबरेल, प्रज्वल रजा काढून येईल, टाळ्यांचं तर नावच नको. त्यांनी मोबाईल हळूच टेबलावर उपडा ठेवला.

पुतळाबाईंनी तो उचलला, सुलटा केला आणि त्यांच्या हातात दिला.

"टाका," त्या म्हणाल्या. "माझा हाय तो."